टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसणारा पंखा

ताईचा फोन आला तेव्हा तिची तक्रार अगदी साधी होती. "लॅपटॉपचा पंखा सारखा घोंघावतोय गं. मी काही करत नसले तरी." ताई भाषांतराचं काम करते. दिवसभर तिच्या पुढ्यात वर्डची एक फाईल, एखादी पीडीएफ आणि ब्राउझरमधले चार-पाच टॅब, एवढंच उघडं असतं. एवढ्या कामाने तीन वर्षांच्या लॅपटॉपची दमछाक व्हायचं काही कारण नव्हतं. तिने जाळीतली धूळ आधीच साफ करून घेतली होती, सगळे टॅब बंद करून पाहिले होते आणि विंडोजच्या सुरक्षा ॲपमधून दोनदा पूर्ण स्कॅनही केलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, धोका आढळला नाही.

मी फोनवरच म्हटलं, "टास्क मॅनेजर उघड आणि सीपीयूच्या रकान्यात काय दिसतं ते मला वाचून दाखव." कोणता प्रोग्राम सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरची, किती ताकद खातोय ते टास्क मॅनेजर दाखवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो उघडतो. तिने उघडला. आकडा क्षणभर ९८ टक्के दिसला, मग ३०, मग ६.

"अगं, थांबला की पंखा!"

"आता ती खिडकी बंद कर आणि जरा थांब."

मिनिटभर आम्ही दोघी गप्प होतो. मग फोनमधून मलाही ती घरघर ऐकू आली.

हे प्रकरण मी एवढं सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. त्या लॅपटॉपमध्ये दोन गोष्टी शिरल्या होत्या. एकीची लक्षणं उघड दिसत होती, पण तिने फारसं बिघडवलं नव्हतं. दुसरीने खरं नुकसान केलं आणि लॅपटॉपवर तिचं एकही लक्षण नव्हतं. व्हायरसची लक्षणं म्हणून आपल्याला जी यादी पाठ असते, संगणक मंदावणं, तापणं, अडकणं, त्या यादीने आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. आत जे झालं होतं ते दुसऱ्याच खुणांवरून कळलं.

धूळ, अपडेट की आणखी काही

तापणारा किंवा मंद झालेला संगणक बहुतेक वेळा व्हायरसमुळे तसा झालेला नसतो, हे आधी सांगायला हवं. डिस्क काठोकाठ भरलेली असते, जुनी हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते, विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असतं, नाहीतर ब्राउझरमधला एखादा टॅब बेफाम सुटलेला असतो. म्हणून पंख्याचा आवाज ऐकून लगेच व्हायरसचं नाव घेणं मला पटत नाही.

यात एक फसवी गोष्टही आहे. विंडोज स्वतःची देखभाल संगणक रिकामा असताना करतं आणि आपण माउस हलवला की ती थांबवतं. म्हणजे टास्क मॅनेजर उघडायला हात लावला म्हणूनही पंखा शांत होऊ शकतो. ही शक्यता खोडल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मी ताईला टास्क मॅनेजर न उघडता वर्डमध्ये पाच मिनिटं टाइप करत राहायला सांगितलं. तिने केलं. पंखा घोंघावतच राहिला. देखभालीचं काम असतं तर पहिल्या काही कळांतच थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि वायफाय बंद केलं. अर्ध्या मिनिटात पंखा शांत. चालू केलं, पुन्हा सुरू. असं तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. धुळीला वायफायशी काही देणंघेणं नसतं. अपडेटला असतं, पण अपडेट टास्क मॅनेजर पाहून लपून बसत नाही. जे इंटरनेटवाचून काम करू शकत नाही आणि कोणी बघायला आलं की काम थांबवतं, असं एकच गिऱ्हाईक माझ्या माहितीत होतं: दुसऱ्याच्या प्रोसेसरवर चोरून क्रिप्टो चलनाचं मायनिंग करणारा प्रोग्राम.

मायनिंग म्हणजे अखंड चालणारी आकडेमोड. ती करणाऱ्याला मोबदल्यात चलन मिळतं आणि खर्ची पडते ती वीज आणि यंत्राचं आयुष्य. बिटकॉइनसाठी आता खास यंत्रं लागतात. पण मोनेरो या चलनाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'रँडमएक्स' ही पद्धत स्वीकारली. साध्यासुध्या प्रोसेसरवरही मायनिंग परवडावं म्हणूनच ती बेतलेली आहे. त्यामुळे ताईच्या लॅपटॉपसारखी साधी यंत्रं चोरांच्या कामाची ठरतात. मायनर मध्यवर्ती सर्व्हरकडून काम घेतो आणि उत्तर परत पाठवतो. सर्व्हरशी संपर्क तुटला की त्याच्या हाताला काम उरत नाही, म्हणून वायफाय गेलं की पंखा थांबत होता. आणि टास्क मॅनेजर नावाचा प्रोग्राम सुरू झालाय का, यावर असे बरेच मायनर सतत नजर ठेवून असतात.

ही नजर नावावर असते हे ठाऊक असल्याने मी माझ्या संगणकावर 'प्रोसेस एक्सप्लोरर' उतरवून पेन ड्राइव्हवर नेला होता. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे मोफत साधन टास्क मॅनेजरचंच काम जास्त बारकाईने करतं. त्याच्या फाईलचं नाव मी बदलून 'कविता' ठेवलं. ते उघडलं तरी पंखा थांबला नाही. यादीच्या माथ्यावर ९४ टक्के सीपीयू खात बसलेला एक प्रोग्राम होता आणि त्याचं नाव ब्राउझरच्या अपडेटचं वाटावं असं होतं. (तो पेन ड्राइव्ह मी नंतर कुठल्याही विंडोज संगणकाला न जोडता पुसून टाकला. संशयित यंत्राला लागलेला पेन ड्राइव्ह संशयितच धरायचा.)

नाव नको, पत्ता बघा

नावावरून काहीच ठरत नाही. कोणीही आपल्या फाईलला काहीही नाव देऊ शकतं. पाहायचा तो फाईलचा पत्ता. विंडोजच्या पार्श्वभूमीतल्या सेवा चालवणारा खरा 'एसव्हीसीहोस्ट' हा सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सिस्टिम ३२' मध्ये राहतो. त्याच नावाची फाईल तुमच्या खात्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमधून चालत असेल, तर तो तोतया. ब्राउझरचा अपडेटर सहसा 'प्रोग्राम फाइल्स' मध्ये असतो आणि त्यावर कंपनीची डिजिटल सही असते. फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की सही असलेल्या फाईलला 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा वेगळा टॅब दिसतो. ताईच्या लॅपटॉपवरची ही फाईल 'प्रोग्रामडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये, अर्थहीन अक्षरांच्या उपफोल्डरात पडली होती आणि तिच्यावर कोणाचीच सही नव्हती.

विंडोजने आपोआप करायच्या कामांची यादी ठेवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये त्याच नावाचं एक काम नोंदलेलं सापडलं: लॉगिन झालं की ही फाईल चालव. नुसती फाईल पुसून भागलं नसतं ते यामुळे.

फाईल कशाची आहे याची खात्री करायला मी तिचा एसएचए-२५६ हॅश काढला आणि अनेक अँटिव्हायरसांचं मत एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर शोधला. हॅश हा फाईलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाईलच अपलोड करण्याऐवजी हॅश शोधणं मला बरं वाटतं, कारण तिथे चढवलेल्या फायली पुढे इतरांनाही पाहायला मिळू शकतात. प्रोग्रामच्या बाबतीत बिघडत नाही, पण तीच सवय एखाद्या खासगी दस्तऐवजाच्या बाबतीत महागात पडते. उत्तर लगेच आलं. बऱ्याच अँटिव्हायरस इंजिनांनी त्या फाईलला कॉइन मायनर ठरवलं होतं.

मग ताईने दोनदा केलेल्या स्कॅनला ती का सापडली नाही? सुरक्षा ॲप उघडलं तर सगळीकडे हिरव्या खुणा. रिअल टाइम संरक्षण चालू, व्हायरस ओळखायच्या व्याख्या त्याच दिवशीच्या. ताई म्हणाली, "बघ, सगळं ठीकच दाखवतंय." ते खोटं बोलत नव्हतं. त्याच ॲपमध्ये बरंच आत 'एक्सक्लूजन्स' नावाची एक यादी असते. अमुक फोल्डर तपासू नकोस, असं आपण तिथे अँटिव्हायरसला सांगू शकतो. ती उघडली आणि 'प्रोग्रामडेटा' फोल्डर त्या यादीत निघाला. त्याखाली दुसरी ओळ होती: 'ईएक्सई' प्रकारच्या सगळ्या फायली. म्हणजे पहारेकरी जागा होता, कामावर होता, फक्त त्याला सांगून ठेवलं होतं की या खोलीत डोकावायचं नाही आणि हत्यारबंद माणसांना हटकायचं नाही.

माझ्या मते ही यादी प्रत्येकाने आजच उघडून बघावी. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मधल्या 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये बरीच खाली ती आहे. साध्या घरगुती संगणकावर ती रिकामीच असायला हवी. तिथे तुम्ही स्वतः न घातलेली एकही ओळ असेल, तर पंखा कितीही शांत असो, काहीतरी घडून गेलेलं आहे.

ज्याला घाबरली ते निराळंच

बोलता बोलता ताईने आणखी एक गोष्ट सांगितली आणि खरं तर तिला भीती याचीच वाटत होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात अधूनमधून एक चौकट यायची, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा.' ती व्हायरसची नव्हती. एका संकेतस्थळाने 'तुम्ही यंत्र नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' म्हणून तिच्याकडून सूचना पाठवायची परवानगी काढून घेतली होती आणि त्या परवानगीवर ते जाहिराती पाठवत होतं. चौकटीत बारीक अक्षरांत त्या संकेतस्थळाचा पत्ताही होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, विषय संपला.

याच जातीतला दुसरा प्रकार म्हणजे अख्खा पडदा व्यापणारी, भोंगा वाजवणारी सूचना आणि तिच्यात 'या क्रमांकावर फोन करा'. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूक. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणायची नाहीत. नंबर फिरवला नाही, काही उतरवून घेतलं नाही, तर त्यात सहसा काही जात नाही.

शिरलं कुठून

टास्क शेड्युलरमधल्या त्या कामाची तारीख मी ताईला दाखवली आणि 'डाउनलोड्स' फोल्डर त्याच तारखेवर आणला. तिला लगेच आठवलं. एका स्कॅन केलेल्या पीडीएफचं वर्डमध्ये रूपांतर करायचं होतं, काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि विकत घ्यायचं सॉफ्टवेअर 'फुल व्हर्शन, फ्री' म्हणून एका ठिकाणी मिळालं. झिप फाईल होती. तिला पासवर्ड होता आणि तो शेजारीच लिहिलेला होता. शिवाय सूचना होती: स्थापना करताना अँटिव्हायरस बंद ठेवा, तो चुकून अडवतो.

यातली प्रत्येक गोष्ट ही खूण होती. झिपला पासवर्ड लावायचा आणि तोच शेजारी लिहून ठेवायचा, याला गुप्ततेचं काही कारणच नाही. असलंच तर एकच, पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचं भलं नको आहे, याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

झिपमध्ये दोन फायली होत्या. एकीला पीडीएफचं चित्र आणि नाव 'वाचा.पीडीएफ'. मी एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं आणि नाव पूर्ण झालं, 'वाचा.पीडीएफ.ईएक्सई'. विंडोज ओळखीच्या फायलींची शेपटी मुळातच लपवतं, म्हणून हा डाव चालतो. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पुढे पाठवत जाणारा प्रोग्राम, जगभर पसरला तो याच डावावर. प्रेमपत्र म्हणून आलेल्या त्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' दिसायचं आणि त्यापुढचं 'व्हीबीएस' दिसायचं नाही. एवढी वर्षं उलटली तरी शेपटी लपवायची ही सेटिंग विंडोजमध्ये सुरुवातीपासून चालूच येते, हे मला अजिबात मान्य नाही. पण ती बदलायला दहा सेकंदही लागत नाहीत.

ताईने ती फाईल उघडल्यावर पडदा काळवंडला आणि विंडोजने विचारलं, या ॲपला बदल करू द्यायचे का? तिने 'येस' दाबलं. त्या एका होकारावर प्रशासकाचे अधिकार गेले आणि एक्सक्लूजनच्या दोन्ही ओळी त्याच अधिकाराने लिहिल्या गेल्या. रूपांतर करायचं सॉफ्टवेअर मात्र कधी उघडलंच नाही. एक चूक दाखवणारी चौकट आली आणि ताईने नाद सोडून दिला. 'उघडलं नाही म्हणजे काही झालं नाही,' असं तिला वाटलं. कोणालाही वाटेल.

हल्ली तर फाईल उतरवायचीही गरज पडत नाही. २०२४ पासून एक प्रकार फोफावला आहे. पानावर नेहमीसारखी 'मी यंत्र नाही' अशी चौकट येते आणि खाली पायऱ्या असतात: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, आधीच एक आज्ञा ठेवलेली असते आणि या तीन पायऱ्यांत ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. माणूस आहोत हे सिद्ध करायला 'रन' ची खिडकी कधीच लागत नाही.

जे दिसलं नाही

मायनर सापडला तेव्हा ताई खूश झाली. "काढून टाक, झालं." माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न होता. ज्याच्या हातात पूर्ण अधिकार आले, त्याने नुसता मायनरच का ठेवला असेल? आवाज करणारा भाडेकरू आपल्याला सापडला, पण दार उघडं असताना त्याच्याबरोबर आणखी कोण आलं होतं?

मी विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत आणखी काही विचित्र घडलं का? लॅपटॉपवरच असं नाही, कुठेही." तिने जरा आठवून सांगितलं. एका संपादकांचा फोन आला होता, 'तुम्ही पाठवलेली फाईल उघडत नाहीये.' तिने काही पाठवलंच नव्हतं. आपल्या नावाने कोणीतरी खोटा पत्ता तयार केला असेल म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आणि हो, आठवडाभर ईमेलची उत्तरं फार कमी येत होती. लोक सुट्टीवर असतील असं तिला वाटलं.

लॅपटॉप आम्ही तसाच बाजूला ठेवला. ताईच्या जुन्या टॅबलेटवर तिचं ईमेल खातं उघडलं आणि सेटिंगमधले फिल्टर पाहिले. तिथे तिने न लिहिलेला एक नियम होता. ज्या पत्रात 'पासवर्ड', 'व्हायरस', 'हॅक' यांपैकी एखादा शब्द असेल, ते वाचलेलं समज आणि कचऱ्यात टाक. कचरापेटीत अकरा पत्रं होती. 'हे तुम्हीच पाठवलं आहे का, व्हायरस असेल असं वाटतंय,' असं विचारणारी, तिच्या काळजीपोटी लिहिलेली पत्रं. ती पत्रं वाचताना तिचा चेहरा उतरला. लॉगिन केलेल्या उपकरणांच्या यादीत एक उपकरण तिच्या ओळखीचं नव्हतं.

"पण मी तर दोन टप्प्यांची पडताळणी लावलीये," ती म्हणाली. "कोड माझ्या फोनवर येतो. मग हा आत गेलाच कसा?"

त्याला दारातून जावंच लागलं नाही. आपण पासवर्ड आणि कोड देऊन एकदा आत गेलो की संकेतस्थळ ब्राउझरला एक कुकी देतं. दारावर ओळखपत्र तपासून मनगटावर शिक्का मारावा, तशी. पुढच्या वेळी शिक्का दाखवला की पुरतं, पुन्हा कोड मागत नाहीत. पासवर्ड चोरणारे जे प्रोग्राम असतात, ज्यांना इन्फोस्टीलर म्हणतात, ते ब्राउझरने साठवलेले पासवर्ड आणि हे शिक्के एकत्रच उचलतात. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर या कुक्यांना वेगळं कुलूप लावलं, पण चोरांनी त्यातूनही वाटा काढल्या. असे बरेच प्रोग्राम एकदाच चालतात, थोड्या वेळात हाताला लागेल ते गोळा करून पाठवतात आणि स्वतःला पुसून टाकतात. पंखा फिरत नाही, काही मंद होत नाही. ताईच्या लॅपटॉपवर मला त्याचा मागमूस सापडला नाही. तो तिथे येऊन गेला हे मी सांगू शकते ते फक्त ईमेल खात्यातल्या पाऊलखुणांवरून.

लक्षणांच्या जुन्या याद्या इथे तोकड्या पडतात आणि त्याचं कारण इतिहासात आहे. १९८२ चा 'एल्क क्लोनर' दर पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केल्यावर एक कविता दाखवायचा. १९८६ चा 'ब्रेन' फ्लॉपीच्या लेबलावर आपलं नाव घालायचा. १९८७ च्या सुमाराच्या 'कॅस्केड' मध्ये पडद्यावरची अक्षरं सुटून खाली पडायची. लिहिणाऱ्यांना आपली करामत दिसावी अशी हौस होती, म्हणून लक्षणं होती. आजच्या चोराला कौतुक नको, पैसे हवेत. जितका काळ तो दिसत नाही, तितका त्याचा फायदा. त्यामुळे आता लक्षणं संगणकावर कमी आणि खात्यांवर जास्त उमटतात: न पाठवलेली पत्रं, न बनवलेले नियम, अनोळखी लॉगिन, न येणारी उत्तरं. आमच्या बाबतीत सोबत एक हपापलेला मायनर आला म्हणून पंखा वाजला. तो नसता तर संपादकांचा तो फोन ताई कधीच विसरून गेली असती.

आधी काय, मग काय

घाई झाली होती, पण क्रम चुकून चालणार नव्हतं. ताईने दोन दिवसांपूर्वी, असंच मनात आलं म्हणून, ईमेलचा पासवर्ड बदलला होता. त्याच लॅपटॉपवर. चोर घरात असताना नवं कुलूप आणून त्याच्यासमोर किल्ली फिरवावी, तसं ते झालं होतं. म्हणून सगळं नव्याने, टॅबलेटवरून.

पहिलं ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड विसरल्यावर दुवा तिथेच येतो. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीचं सगळं. नवा पासवर्ड, मग सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट, म्हणजे चोरीचे शिक्के निकामी. मग तो फिल्टर काढला, पत्रं परस्पर कुठे पुढे पाठवली जात नाहीत ना ते पाहिलं आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा पत्ता तिचाच आहे याची खात्री केली. हे शेवटचं लोक विसरतात आणि चोर त्याच खिडकीतून परत येतो. त्यानंतर बँक, मग ब्राउझरमध्ये साठवलेल्या यादीतली उरलेली खाती. यादी ६३ खात्यांची होती. रात्रीचे साडेअकरा वाजले.

लॅपटॉप साफ करायचा की पुसून नव्याने विंडोज घालायचं, यावर मी फार विचार केला नाही. नुसता मायनर असता आणि अधिकार दिलेले नसते तर विंडोजचं 'ऑफलाइन स्कॅन' मी आधी करून पाहिलं असतं. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. पण प्रशासकाचे अधिकार गेलेल्या यंत्रावर 'आता काही उरलं नाही' हे मी कशाच्या जोरावर सांगणार? म्हणून तिच्या कामाच्या फायली तेवढ्या बाहेर काढल्या: दस्तऐवज, पीडीएफ, छायाचित्रं. एकही प्रोग्राम नाही, एकही झिप नाही. दुसऱ्या संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने बनवला, लॅपटॉपच्या डिस्कवरचे सगळे भाग पुसले आणि कोरं विंडोज घातलं.

एका ठिकाणी आम्ही पुन्हा फसलो असतो. नव्या विंडोजवर ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की सिंक, म्हणजे खात्यात साठवलेली ब्राउझरची प्रत, सगळं जसंच्या तसं परत आणतं, एक्स्टेन्शन्ससकट, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांसकट. म्हणून सिंक चालू करतानाच मी त्याच्या सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन्स बंद केली. नंतर ताईने जी खरोखर वापरते ती दोनच हाताने परत घातली. जुन्या विंडोजवर सात होती आणि त्यांतली तीन कधी घातली हे तिला सांगता आलं नाही.

नव्या मांडणीत सगळ्यात मोठा फरक एकाच बदलाने पडला. ताई आता रोज साध्या खात्यातून काम करते आणि प्रशासकाचं खातं वेगळं आहे. पूर्वी तो काळवंडलेला पडदा आला की 'येस' दाबायची सवय झाली होती. आता तिथे पासवर्ड मागितला जातो आणि तो एका वहीत लिहून कपाटात ठेवलेला आहे. उठून कपाटापर्यंत जाईपर्यंत माणूस विचार करतो, मला हे नक्की घालायचंय का? ताईने स्वतःच हे मला नंतर सांगितलं. ईमेलला आता एसएमएसच्या कोडऐवजी पासकी आहे, म्हणजे तिच्या उपकरणातच राहणारी डिजिटल किल्ली. ती खोट्या संकेतस्थळावर चालतच नाही. चोरलेल्या शिक्क्यावर मात्र तीही उपाय नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पासवर्ड ब्राउझरमधून काढून वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये गेले. सुरक्षा ॲपची सेटिंग कोणी परस्पर बदलू नये म्हणून असलेलं 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे का तेही पाहिलं.

अपडेट पुढे ढकलायची तिची सवय मोडायला मी वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची गोष्ट सांगितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे ला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी 'नंतर' दाबलं, त्यांतल्या पुष्कळांच्या फायली कुलूपबंद झाल्या. फायलींच्या प्रतीसाठी तिच्याकडे बाहेरची डिस्क होती, पण ती कायम लॅपटॉपला जोडलेली असायची. खंडणी मागणारा व्हायरस आला असता तर ती डिस्कही त्याच्याच हाती लागली असती. आता शुक्रवारी काम संपल्यावर ती जोडायची, प्रत झाली की काढून ठेवायची आणि चालू कामाची एक प्रत क्लाउडवर.

तिच्या नावाने ज्यांना पत्रं गेली होती त्या सगळ्यांना तिने स्वतः लिहिलं: ती फाईल उघडू नका, उघडली असेल तर मला फोन करा. दोघांनी उघडली होती. त्यांचे संगणक मी पुढच्या आठवड्यात पाहिले. एकाच्या अँटिव्हायरसने ती फाईल आधीच उचलली होती. दुसऱ्याच्या एक्सक्लूजन्समध्ये एक ओळ सापडली.

लॅपटॉप त्यानंतर शांत आहे. तीन आठवड्यांनी ताईला एका खरेदीच्या खात्याकडून ईमेल आलं: अनोळखी ठिकाणाहून जुन्या पासवर्डने लॉगिनचा प्रयत्न झाला, तो रोखला. त्याच आठवड्यात आणखी दोन खात्यांवर तसंच झालं. चोरलेली यादी कोणाच्या तरी हातात पोचली होती आणि तो एकेक किल्ली लावून बघत होता. त्या तिन्ही खात्यांचे पासवर्ड आम्ही त्या रात्री बदललेलेच होते. चौथा प्रयत्न झाला तो तिने कितीतरी वर्षांत न उघडलेल्या एका खात्यावर. ते ६३ च्या यादीत नव्हतं, पण त्याचा पासवर्ड यादीतल्या एका जुन्या पासवर्डसारखाच होता. ते खातं तिने त्याच दिवशी कायमचं बंद केलं.